मास्कखाली ४२ वर्षांपूर्वीची भिंत: या टप्प्यावर ट्रॉमा थेरपी घ्यावी का?

उंबरठा:

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर प्रश्न कळायचा नाही.

वय ५१. सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं पार पडलं. दोन वर्षांपूर्वी तो मणक्यात आणि खुब्याच्या हाडात सापडला. तेव्हापासून गोळ्या आणि महिन्याच्या इंजेक्शनवर बरं चाललं होतं. आता मेंदूत दोन डाग दिसलेत, एक ९ मिलिमीटरचा, दुसरा ६ मिलिमीटरचा. डॉक्टर म्हणाले, छोटे आहेत, नेमक्या जागी रेडिएशन देता येईल, पण दोन आठवड्यांच्या आत करून टाकू. पूर्ण बरं होण्याची भाषा आमच्या घरात दोन वर्षांपूर्वीच थांबली आहे, तेव्हा त्याबाबत मनात काही गोंधळ नाही. जितकं चांगलं जगता येईल तितकं जगायचं, एवढाच हिशोब.

अडलं ते मास्कपाशी. डोकं जरासुद्धा हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा मास्क करतात. प्लास्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात मऊ करतात, चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि कडा टेबलाला अडकवतात. निवेल तसा तो कडक होतो. तिथल्या मुलीने आधी सगळं नीट समजावून सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. एमआरआयच्या बोगद्यात मी कधी घाबरलेली नाही, त्यामुळे हेही जमेल असं धरून चालले. पण ती कोमट, ओली जाळी गालांना टेकली, नाकाच्या दोन्ही बाजूंनी दाबली गेली आणि मला ओल्या मातीचा वास आला. आठवला नाही, आला. पुढचं तुकड्यातुकड्याने आठवतं. मास्क ओढून काढताना कपाळावर नखं लागली. मी एक नाव घेऊन ओरडत होते म्हणे. २४ वर्षांच्या संसारात ते नाव नवऱ्याने माझ्या तोंडून चार-पाच वेळा ऐकलं असेल.

मी नऊ वर्षांची असताना एका रात्री पावसात आमच्या घराची मागची भिंत पडली. मी आणि धाकटा भाऊ, तो पाच वर्षांचा, भिंतीला लागून झोपलो होतो. बाकीचे पुढच्या खोलीत, ते वाचले. मला हात हलवता येत नव्हते, तोंडावर माती, नाकासमोर मात्र थोडी पोकळी राहिली होती. तो दिसत नव्हता, त्याचा आवाज येत होता. मग यायचा थांबला. मला उजाडताना बाहेर काढलं.

घरात नंतर हा विषय कुणी काढला नाही. मीही नाही. शिक्षण, नोकरी, लग्न, दोन मुलं, पहिला कॅन्सर, कशातही ते आडवं आलं नाही. मी खोलीचं दार पूर्ण लावून झोपत नाही आणि पांघरूण तोंडावर घेत नाही, एवढंच. आता लिहिताना वाटतंय, ते 'एवढंच' नसावं.

मास्कच्या दिवसाला आज चार रात्री झाल्या. दोन-अडीचला जाग येते, छातीवर वजन असतं, खोली ओळखायला वेळ लागतो. टॉवेलने तोंड पुसता येत नाही. काल मुलाने मागून येऊन गंमत म्हणून डोळे झाकले आणि मी त्याला मारलं. तो २० वर्षांचा आहे, त्याला लागलं नाही, पण त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

हॉस्पिटलच्या सायकॉलॉजिस्टचं म्हणणं, हा जुना आघात आहे, यावर ईएमडीआर नावाची थेरपी करता येईल, मास्कच्या आधी दोन-तीन सेशन बसतील. दुसरा पर्याय म्हणजे गुंगीचं औषध देऊन रेडिएशन उरकायचं.

माझी भीती अशी. ४२ वर्षं बंद असलेलं उघडलं आणि ते मिटायच्या आत मीच संपले तर? उघड्या जखमेनिशी मला जायचं नाही. ज्याच्याकडे पुढची ३० वर्षं आहेत त्याने हे करावं, माझ्यासारखीने कशाला, असंही वाटतं. ताई स्पष्टच म्हणाली, "अंगात आहे ती ताकद आजाराला लागू दे. ते उकरून काय हाती येणार आहे?" ती त्या रात्री त्याच घरात होती, तेव्हा तिचं बोलणं मला उडवून लावता येत नाही.

आणि एक गोष्ट आहे जी मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. इथेही लिहिणार नाही. थेरपीत ती सांगावीच लागते का?

ज्यांनी या टप्प्यावर असं काही केलं आहे किंवा ठरवून केलेलं नाही, त्यांनी कृपया लिहा.


ठामपणे:

ताई, आधी मनापासून सांगतो, तुम्ही हे लिहिलंत यालाच धैर्य लागतं.

मी या क्षेत्रातला नाही. पण माझे वडील शेवटच्या वर्षात असताना घरात सतत कुणी ना कुणी त्यांना 'मन मोकळं करा' म्हणत होतं. त्यांना ते नको होतं. त्यांना खिडकीपाशी बसायचं होतं. आम्ही ऐकलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या बहिणीचं म्हणणं मला पटतं. गुंगीचं औषध घ्या, रेडिएशन होऊ द्या, बाकीचं मागून बघता येईल. सगळंच बोललं पाहिजे असा काही नियम नाही.


दीपमाळ:

उंबरठा ताई, कर्करुग्णांबरोबर मानसोपचार हेच माझं काम आहे, १४ वर्षं झाली. तुम्हाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय 'हेच करा' म्हणणार नाही. पण तुमच्या प्रश्नांना उत्तरं आहेत, ती देते.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बहुतेक माणसं त्यापाशीच अडतात. नाही, सांगावं लागत नाही. ईएमडीआरमध्ये त्या आठवणीतलं सगळ्यात बोचणारं एक चित्र मनासमोर धरायचं आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या बोटांमागे नजर डावीकडून उजवीकडे न्यायची. अर्धा मिनिट, कधी जरा जास्त. मग थांबायचं. काय आलं ते एका शब्दात सांगा, किंवा नुसतं 'काहीतरी हललं' म्हणा, तेवढं पुरतं. पुन्हा तेच. त्रास ० ते १० मध्ये किती आहे, हे अधूनमधून विचारलं जातं. चित्रात काय आहे हे थेरपिस्टला कळलं नाही तरी काम होतं. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७मध्ये याची सुरुवात केली आणि २०१३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या विकारावर जे उपचार सुचवले त्यांत ही पद्धत आहे. ती नेमकी कशामुळे लागू पडते यावर वाद आहेत. मला पटणारं स्पष्टीकरण असं: चित्र धरून ठेवणं आणि नजर फिरवत राहणं, दोन्हींना मनातली तीच थोडकी जागा लागते, त्या ओढाताणीत चित्राचा रंग उतरतो. प्रसंग विसरला जात नाही. तो आत्ता, इथे घडतोय असं वाटणं कमी होतं.

आता उघड्या जखमेचं. ही भीती अगदी रास्त आहे, आणि चांगली थेरपिस्ट उघडण्याआधी मिटायला शिकवते. पहिल्या भेटीत आठवणीला हातही लावायचा नसतो. लक्ष परत खोलीत कसं आणायचं, थांबायची खूण कोणती, सेशन संपल्यावर घरी कोण असेल, हे आधी ठरतं. ते जमत नसेल तर पुढे जायचंच नाही.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. आघातावरच्या इतर मुरलेल्या पद्धती बघा: प्रोलाँग्ड एक्स्पोजरला साधारण ८ ते १५ सेशन लागतात, एकेक दीड तासाचं, वर घरचा अभ्यास. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंगची १२ सेशन. केमो आणि स्कॅनच्या मधल्या चांगल्या दिवसांत हे बसवायचं कसं? म्हणून इथे अंथरूण पाहूनच पाय पसरायचे. तुमचं ४२ वर्षांचं कपाट उपसायचं नाहीये. भिंत आणि मास्क यांची जी निरगाठ बसली आहे, तेवढीच सैल करायची. सेशन ४० मिनिटांचं चालतं, पलंगावर पडून चालतं. नजर फिरवून थकवा आला किंवा डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागलं तर गुडघ्यांवर आळीपाळीने हलक्या टिचक्या देऊनही करता येतं. मेंदूत डाग आहेत, तेव्हा कधी फिटचा झटका आला असेल तर तेवढं थेरपिस्टला सांगा.

एका गोष्टीवर मी अडून बसते, ती इथेही लिहिते. आघाताच्या थेरपीचं गृहीतक असं असतं की धोका टळलेला आहे, फक्त शरीराला ते कळलेलं नाही. तुमच्या भिंतीबद्दल हे खरं आहे. डागांबद्दल नाही. पुढच्या स्कॅनची भीती, मुलांचं काय होईल याची भीती, ती समोर असलेल्या गोष्टीची आहे. तिला 'जुना आघात' म्हणून बोटं हलवून घालवायला निघालेल्या माणसापासून लांब राहा. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेतसुद्धा २०१३पासून हा फरक केला आहे: जिवावरचा आजार झाला एवढ्यावरून त्याला आघात म्हणायचं नाही, अचानक ओढवलेला भयंकर प्रसंग असेल तर म्हणायचं. या दुसऱ्या भीतीसाठी वेगळ्या तऱ्हेचं बोलणं असतं. टोरांटोत गॅरी रॉडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांसाठी 'काम' (इंग्रजीत CALM) नावाची पद्धत बसवली. तीन ते सहाच भेटी, काही महिन्यांत पसरलेल्या. लक्षणं आणि डॉक्टरांशी बोलणं, स्वतःत आणि नात्यांत झालेले बदल, जगण्याचा अर्थ, आणि मरणासकट पुढचा काळ, हे तिचे विषय. ३०५ रुग्णांवरचा तिचा अभ्यास २०१८मध्ये आला, त्यात उदासी कमी झालेली दिसली. तुमचं भिंतीचं काम झालं की अशा बोलण्याला जागा ठेवा.

आणि शरीराकडेही बघा. डेक्सामेथासोन सुरू केलंय का? मेंदूत डाग असले की सूज कमी करायला बऱ्याचदा देतात. त्या गोळीने झोप उडते, जीव कावराबावरा होतो. तुमच्या अडीच वाजताच्या जागेत तिचाही हात असू शकतो. शेवटचा डोस दिवसा लवकर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मळमळीवरची काही औषधंही पाय स्वस्थ बसू देत नाहीत आणि माणसाला वाटतं आपलं मनच ठिकाणावर नाही. सगळं भिंतीच्या खात्यावर मांडू नका.

ठामपणे यांना माझा एवढाच जोड: गुंगीचं औषध घेणं ही हार नाही, गरज पडली तर घ्यावंच. पण डागांवरचं रेडिएशन पुढेमागे पुन्हा करावं लागू शकतं. मास्क परत समोर येईल. त्यांचे वडील नको म्हणत होते. ताई विचारताहेत. मोठा फरक आहे. आणि तीव्र वेदना असतील, भान हरपत असेल किंवा सेशननंतर माणूस परत वर्तमानात येत नसेल, तर आम्हीही थांबतो.


उंबरठा:

दीपमाळ, सांगावं लागत नाही हे वाक्य मी आज कितीदा वाचलं माहीत नाही. हो, डेक्सा चालू आहे, दुसरी गोळी रात्री जेवणानंतर घेत होते. उद्याच विचारते.

ठामपणे, तुमच्या वडिलांना खिडकीपाशी बसायचं होतं हे तुम्ही लक्षात ठेवलंत. मला त्यात दोष दिसत नाही.


पांथस्थ:

फुप्फुसाचा कर्करोग, चौथी स्टेज, वय ६३. मी थेरपी सुरू केली, सोडली आणि परत सुरू केली, म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी छातीत पाणी भरलं. अतिदक्षता विभागात सहा दिवस घशात नळी. त्यात भ्रम झाला. मला ठाम वाटत होतं की ही माणसं मला पाण्यात बुडवताहेत आणि बायको दारात उभी राहून बघते आहे. हे घडलं नव्हतं. ती बिचारी बाहेर बाकावर होती. पण माझ्यासाठी ते घडलंय. घरी आल्यावर कुठल्याही यंत्राने टूं टूं केलं की मी खोलीतून बाहेर जायचो. तिच्याशी महिनाभर धड बोललो नाही, आणि का ते तिला सांगताही येत नव्हतं.

थेरपीच्या पहिल्या दिवशी सांगितलं, डोळे मिटा, श्वासावर लक्ष द्या. अहो, श्वास हीच तर माझी जखम. लक्ष दिलं की अधिकच कोंडायचं. दुसऱ्या सेशननंतरच्या रात्री फार वाईट गेल्या. तिसऱ्याला मी गेलो आणि म्हणालो, बस. त्यांनी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, उलट चूक मान्य केली, याचा मला आदर वाटतो.

मग पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांनी आधी दम लागण्यावर काम केलं. मॉर्फिनचा अगदी छोटा डोस, आणि चेहऱ्यावर वारा येईल असा हातातला छोटा पंखा. पंख्यावर माझा विश्वास नव्हता, पण त्याने खरंच हायसं वाटतं. दोन महिन्यांनी थेरपी परत सुरू केली तेव्हा श्वासाचं नाव काढायचं नाही असं ठरलं. परत यायचं ते पावलांनी: चपला काढून थंड फरशीवर तळवे टेकायचे आणि टाचा दाबायच्या. चित्र एकच घेतलं, दारातली बायको. चार सेशनमध्ये माझा दहाचा आकडा चारवर आला आणि मी तिथे थांबलो. शून्य करायचा अट्टहास केला नाही. यंत्र वाजलं की छातीत अजून धस्स होतं, पण मी बसून राहतो.

उंबरठा ताई, तुमच्या तोंडावर माती होती. तुम्हालाही श्वासाचे व्यायाम जड जातील. पहिल्याच भेटीत सांगून टाका.

आणि ज्या दिवशी बायकोला ते चित्र सांगितलं, त्या दिवशी ती रडली नाही. म्हणाली, "म्हणून तू माझ्याकडे बघत नव्हतास होय."


धाकटी:

माझी बाजू वेगळी आहे. आईला शेवटच्या महिन्यांत रात्री कुणी कूस बदलायला हात लावला की ती किंचाळायची, चावायची. दिवसा शांत, सगळ्यांशी गोड. नर्सनी फाईलवर 'असहकार' असं लिहिलं होतं. एका समुपदेशक बाईंनी आईला एकटीला विचारलं, "पूर्वी कधी कुणी मनाविरुद्ध हात लावला होता का?" आई फक्त हो म्हणाली. कोण, कधी, काही नाही. थेरपी वगैरे तिला नको होती आणि तेवढी ताकदही नव्हती.

त्या बाईंनी 'असहकार' खोडून लिहिलं: आधी दिवा लावा, समोरून या, नाव घेऊन सांगा, परवानगी घ्या, मग हात लावा. पुरुष कर्मचारी रात्री नकोत. झालं. त्यानंतर आई एकदाही किंचाळली नाही. मला आजही माहीत नाही तिच्यासोबत काय झालं होतं, आणि ते शोधायचा मला अधिकार नाही असं मी ठरवलंय.

ताई, थेरपी करा किंवा करू नका, पण रेडिएशनच्या खोलीतल्या लोकांना 'मी लहानपणी ढिगाऱ्याखाली अडकले होते' एवढं एक वाक्य जरूर सांगा. आघाताची जाण असलेली माणसं मास्क बसवण्याची रीत बदलू शकतात. काही ठिकाणी चेहरा उघडा राहणारे मास्कही असतात, तुमच्या प्रकारात चालेल का ते विचारा.


उंबरठा:

पाच आठवडे झाले. तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य समजते.

मी केलं. मास्कच्या आधी तीन सेशन, नंतर एक. मधलं एक रद्द झालं, त्या दिवशी उठून बसायचंही त्राण नव्हतं.

पहिल्या भेटीत खरंच काही उघडलं नाही. श्वासाचं नको, हे मी पांथस्थांच्या भरवशावर आधीच सांगितलं. माझ्यासाठी हातात पेन्सिल ठरली. तिचे कोपरे अंगठ्याने मोजायचे, सहा. थांबायचं झालं तर पेन्सिल टेबलावर ठेवायची, बोलायचं नाही. डेक्साची वेळ बदलल्यावर झोप दीड-दोन तासांनी वाढली, ते श्रेय भिंतीला नाही, दीपमाळला.

चित्र निवडताना मला वाटलं होतं भाऊ येईल. आली ती नाकासमोरची पोकळी. मूठभर अंधार. त्रास किती, तर दहा. नजर फिरवताना आधी नुसता दाब आला, मग थंडी, मग हाताला मुंग्या. अर्ध्या तासात मी घामाने भिजले. संपल्यावर घरी येऊन पाच तास झोपले आणि संध्याकाळभर चिडचिड केली. दुसऱ्या दिवशी मात्र तोंडावर टॉवेल घेतला. सहज. घेतल्यावर लक्षात आलं.

तिसऱ्या सेशनमध्ये ती गोष्ट आली. तेव्हा लिहिली नव्हती, आता लिहिते. तो रडत होता आणि मी त्याला म्हणाले होते, "गप्प बस." त्यानंतर त्याचा आवाज आला नाही. ४२ वर्षं मी हे एकटीने सांभाळलं. सेशनमध्ये मी तोंडाने काही बोलले नाही, पेन्सिलही खाली ठेवली नाही. तीन-चार फेऱ्यांनंतर असं आलं की मी गप्प बस म्हणाले तेव्हा वरून काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता आणि मला तो ऐकायचा होता. हे खरंच तसं होतं की मन मला आता सवलत देतंय, ते मला कळत नाही. नंतर हे सगळं थेरपिस्टला सांगितलं, तेव्हा तिनेही ते ठरवून दिलं नाही. ती म्हणाली, मन काय आणतं ते पुरावा म्हणून घेऊ नका. मला तिचं हे वागणं फार आवडलं. आकडा तीनवर थांबला आहे.

मास्कच्या दिवशी धाकटीचं वाक्य वापरलं. तीच मुलगी होती. तिने जाळी पाण्यातून काढल्यावर आधी माझ्या हातावर ठेवली, मग गालावर, मग चेहऱ्यावर. कोरड्या कापडाने पाणी टिपून घेतलं. उघड्या चेहऱ्याचा मास्क माझ्या उपचाराला चालणार नव्हता, पण नाकाजवळची जाळी तिने कापून मोठी केली. हातात दाबायची घंटी दिली. रेडिएशनच्या वेळी माईकवरून मिनिटं सांगत राहिली. वास एकदा आला. मी दुसऱ्या मुठीत पेन्सिल मोजली. पेन्सिल आत नेलेली चालते का, हे आधी विचारून घेतलं होतं, त्यांनी हो म्हटलं. २६ मिनिटं. घंटी दाबली नाही. गुंगीची एक छोटी गोळी मात्र घेतली होती, तेही सांगते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आठवड्यातून एखादी रात्र अजून वाईट जाते. डागांची भीती तिळभरही कमी झालेली नाही, उलट आता ती वेगळी दिसते आणि जास्त दिसते. धाकट्या मुलीची परीक्षा मी बघेन का, हा प्रश्न भिंतीआड होता, तो पुढे आला. त्यासाठी पुढच्या महिन्यापासून दीपमाळने लिहिलं तशा भेटी सुरू करते आहे.

ताईला 'गप्प बस'चं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, त्या रात्री बाहेर अंधारात सगळे विचारत होते, कुठे खणायचं. तिला माझा आवाज ऐकू आला. तिने माझ्या बाजूला बोट दाखवलं. ती तेव्हा १४ वर्षांची होती. एवढ्यासाठी ती मला उकरू नको म्हणत होती, आणि मी समजत होते तिला माझ्या ताकदीची काळजी आहे. त्या रात्री आम्ही एकाच पलंगावर झोपलो, दार उघडं ठेवून. तिने तिच्यासाठी थेरपिस्टचा नंबर मागितला नाही, मी दिलाही नाही. मागितला तर देईन.

पांथस्थ, तुमचा स्कॅन याच आठवड्यात असेल ना? काय निघालं ते कळवा.